शनिवारी आणलेली गिटार

त्या वर्षी आमच्या लालबागच्या चाळीत दोन प्रश्न होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार का, हा पहिला. मी सोमवारपासून मिलमध्ये जाणार का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर साऱ्या चाळीचं एकमत होतं. दुसऱ्यावर मी सोडून साऱ्या चाळीचं एकमत होतं.

वडील मिलच्या सुतारखात्यात होते. मागांची लाकडी कामं, तुटलेले दांडे, साहेबाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय, सगळं त्यांच्याकडे यायचं. आम्ही मूळचे मालवणकडचे, आणि चाळीतल्या निम्म्या खोल्या तिकडच्याच असल्यामुळे घरातली बोलीही तीच राहिली होती. हेडमिस्त्रीकडे माझ्यासाठी शब्द टाकायला वडिलांना दोन वर्षं लागली, कारण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्यांच्या जिभेला कुलूप पडायचं. आता बदली कामगार म्हणून माझी जागा झाली होती. सोमवारी सकाळी सातच्या भोंग्याला हजर व्हायचं होतं.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दहा वाजता, दादरच्या एका स्टुडिओत माझी चाचणी होती. ही गोष्ट घरात फक्त मला ठाऊक होती.

गिटार मी गिरगावात एका गोवेकर मास्तरांकडे शिकलो. गणपतीतले मेळे, लग्नाच्या वराती, कुणाच्या तरी कॉलेजचं स्नेहसंमेलन, जिथे बोलावतील तिथे वाजवायचो. अशाच एका कार्यक्रमात दादरच्या स्टुडिओतल्या वाद्यवृंदाच्या मास्तरांनी मला ऐकलं. त्यांचा ठेक्याची गिटार वाजवणारा माणूस परदेशी निघून गेला होता. त्याच्या खुर्चीसाठी ते मला आणि आणखी एकाला ऐकणार होते. अट एकच घातली. माझी साधी सपाट गिटार चालणार नाही. वीस व्हायोलिनं आणि चार ट्रम्पेटांपुढे तिचा आवाज माइकपर्यंत पोचायच्या आत मरतो. एफ-होलवाली घेऊन ये, म्हणाले.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या गिटारीचं पोट सपाट नसतं. व्हायोलिनसारखं ते जाड फळीतून कोरून फुगवलेलं असतं. मधोमध गोल भोक नसतं. दोन अंगांना इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराच्या चिरा असतात. आवाज असा की, दाराबाहेरून कुणी खणखणीत हाक मारावी. नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. जुन्या होत्या त्या लढाईच्या आधीच्या, हॉटेलांतल्या बँडवाल्यांच्या. दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच बसले, आणि ते बँडवाले एकेक करून वाद्यं विकत होते. म्हणजे गिटार मुंबईत होती, फक्त कुणाच्या पलंगाखाली आहे ते शोधायचं होतं.

तीन आठवडे मी शोधलं. आणि ते तीन आठवडे कसले होते! रेडिओवर मुंबई वेगळी काढल्याची घोषणा झाली होती, गोळीबार होऊन गेला होता, आमच्या शेजारच्या चाळीतला एक माणूस दूध आणायला उतरला तो मांडीत गोळी घेऊन परतला होता. नाक्यानाक्यावर पोलीस. सगळी चाळ मोर्चाला, आणि मी गिटारीच्या खरेदीला. जिन्यात कुणी भेटलं आणि कुठे निघालास म्हणून विचारलं की मी खोटं बोलायचो. मला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मला राग येतो, तो मग घरी जेवताना आईवर निघायचा.

चोरबाजारात एकाने मला एफ-होलवाली म्हणून जी दाखवली ती साधीच सपाट गिटार होती. कुणा बहाद्दराने करवतीने तिच्यात एफ कापले होते आणि मधलं भोक पत्रा मारून बुजवलं होतं. धोबीतलावच्या एका दुकानात फुगीर पोटाची मिळाली, दिसायला देखणी, पण वाजवली तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखी. का, ते मला कळेना. त्या रात्री जेवताना मी वडिलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की दोन्ही बाजूंनी रंग दिलेली फळी अस्सल एका लाकडाची आहे की थर चिकटवून दाबलेली, हे कसं ओळखायचं.

एरवी जेवताना दोन वाक्यं न बोलणारे वडील अर्धा तास बोलले. फळीचं तोंड बघायचं नाही, म्हणाले. तोंड रंगवता येतं. जिथे ती कापलीय तिथली कड बघायची. भोक असेल तर भोकाची कड. वरचे रेषे तसेच्या तसे कडेतून खाली उतरले तर लाकूड खरं. कडेला आडवे पदर दिसले तर खोटं. कुणाचं कपाट घेतोयस म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका मित्राचं.

त्यांच्या त्या अर्ध्या तासाच्या जोरावर मी पुढच्या दोन गिटारी नाकारल्या. बापाची विद्या बापालाच फसवून वापरत होतो, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

शुक्रवारी गिरगावच्या मास्तरांनी निरोप दिला. धोबीतलावला एका कुडीत, म्हणजे एकाच गावच्या गोवेकरांनी मिळून घेतलेल्या सामायिक खोलीत, एक म्हातारा बँडवाला राहतो. सोमवारच्या बोटीने तो आफ्रिकेत मुलीकडे कायमचा चाललाय. त्याच्याकडे आहे. पण भायखळ्याचा एकजण शनिवारी दुपारी ती न्यायला येणार आहे, त्याच्या आत जा.

शनिवारी मी सकाळीच गेलो. लांब खोली, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर एकेकाचा संसार. म्हातारा आपल्या ट्रंकेवर बसून बूट पॉलिश करत होता. त्याने पेटी उघडली आणि मी आधी काही वाजवलंच नाही. खाली बसलो आणि एफच्या चिरेची कड पाहिली. वरचे बारीक, सरळ रेषे कडेवरून आत उतरले होते. एक पदर आडवा नव्हता. मग खिशातला आरसा आत धरून पोट पाहिलं. तडा नाही, सांधा सुटलेला नाही. म्हातारा बूट हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. आजवर जो येतो तो आधी वाजवून दाखवतो, म्हणाला, तू कोण, सुतार?

मी म्हटलं, सुताराचा मुलगा.

मग वाजवली. पहिल्याच ठोक्याला खोलीच्या टोकाला दाढी करत असलेल्या माणसाने वस्तरा थांबवला. हवी ती वस्तू समोर आली की मला आनंद होत नाही, भीतीच वाटते, हा माझा जुना स्वभाव. घासाघीस झाली नाही. मोबदल्यात द्यायला नेलेली माझी सपाट गिटार त्याने भिंतीला टेकवली, साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं न मोजता ट्रंकेत टाकलं आणि तो पुन्हा पॉलिशला लागला.

मी जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा खाली रस्त्यावर दुकानांच्या फळ्या धडाधड लागायला लागल्या. कुणीतरी ओरडत गेलं की गिरगावात दगडफेक चाललीय. म्हातारा माझ्यामागून दारापर्यंत आला आणि म्हणाला, “पूत, आयक. एक तार काड, एक घाल. सगळ्यो एकदम केन्नाच काडूं नाका.”

कळलं मला, मालवणीला कोकणी काही परकी नाही. एका वेळी एकच तार बदल, सगळ्या एकदम कधी काढू नकोस. पण माझे कान खाली रस्त्याकडे लागले होते. म्हाताऱ्यांचे असे सतराशे साठ नेम असतात असं मनाशी म्हणत मी होय होय केलं आणि जिना उतरलो.

ट्रामा बंद झाल्या होत्या. मधे कंबर असलेली ती भलीमोठी काळी पेटी घेऊन मी चालत निघालो. मोठा रस्ता टाळायचा ठरवलं, तर गल्लीच्या तोंडाशीच पोरांनी हातगाड्या आणि खोकी आडवी टाकून रस्ता बंद केला होता. एकाने माझ्या पेटीला हात घातला. त्याला वाटलं, मीही आडवं टाकायला काहीतरी आणलंय. मी पेटी छातीशी धरली आणि म्हणालो की मी लालबागचा आहे, यात वाद्य आहे. तो माझ्याच वयाचा होता. डोळे अश्रुधुराने लाल झालेले. त्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि हात काढला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भायखळ्यावरून घोडपदेवच्या आतल्या रस्त्याने लालबागला पोचायला मला दोन तास लागले. चाळीचा जिना चढलो तेव्हा हाताला पेटीच्या मुठीचे वळ उठले होते, आणि आई उंबऱ्यात उभी होती.

ती काय आहे, कुणाची आहे, असलं काही तिने आधी विचारलं नाही. पेटी उघडायला लावली. तारांवरून बोट फिरवलं आणि या कसल्या म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. खोटं बोलायचं तिथे नेमका खरं बोललो. पोलादी, म्हटलं.

“आज शनवार,” आई म्हणाली. “लोखंड उंबऱ्याच्या आत येवचा नाय.”

शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. खिळा आणायचा झाला तरी वडील रविवारवर टाकायचे. एरवी मी हसलो असतो. पण त्या दिवसांत आई हसण्यासारखं काही राहू देत नव्हती. शेजारच्या चाळीतल्या माणसाला गोळी लागली त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी सगळी माणसं घरात येईपर्यंत दारात उभी असायची. कुठल्या का वाटेने होईना, घरावर काही येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. मी चिडलो, वाद घातला, आवाज चढवला. गॅलरीत शेजारणी जमल्या. एकीने सुचवलं की खुंट्या पितळेच्या दिसतात, तारा अडकवायचा खालचा पत्राही पितळेवर मुलामा दिलेला आहे, म्हणजे लोखंड काय ते तारांतच. तर तारा काढ, बाहेरच्या खिळ्याला टांग, आणि लाकूड आत घे. रात्रभर पोरांच्या तावडीत ती गॅलरीत ठेवणार आहेस का?

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी गॅलरीतच मांडी घातली आणि रागारागाने एकामागून एक खुंट्या पिळत सहाही तारा सैल केल्या.

शेवटची तार सुटली आणि घोडी पडली.

सतारीला असते तशीच गिटारीलाही घोडी असते, तारांना उचलून धरणारी लाकडी पट्टी. माझ्या जुन्या गिटारीची घोडी सरसाने चिकटवलेली होती. या गिटारीची नुसती उभी होती. तारांच्या दाबानेच जाग्यावर राहायची. आता तारा नव्हत्या, दाब नव्हता, आणि दोन पायांची ती घोडी माझ्या मांडीवर आडवी पडली होती. ती कुठे उभी होती, हे मला सांगता येईना.

म्हाताऱ्याचं बोलणं आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. आईचा नेम पाळला आणि त्याचा मोडला. तो नेम नव्हताच, हे समजेपर्यंत गिटारीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घोडी दोऱ्याच्या जाडीएवढी पुढेमागे झाली तरी मोकळ्या तारा सुरात लागतात, पण पडदे दाबत वर गेलं की सगळं बेसूर होतं. आणि स्टुडिओचे मास्तर मला वरच्या पडद्यांवरच ऐकणार होते. मी गॅलरीतच पुन्हा तारा चढवल्या, अंदाजाने घोडी उभी केली, वाजवलं. बेसूर. सरकवली. आणखी बेसूर. पहिली तार, सगळ्यांत बारीक, दर वेळी ताणताना कुरकुरत होती. ती तुटली तर दुसरी माझ्याकडे नव्हती. दुकानं बंद, उद्या रविवार, धोबीतलावच्या वाटेवर पोलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते शेजारणींना दिसलं. मग त्याही आपापल्या घरात गेल्या.

वडील पाळी संपवून आले तेव्हा गॅलरीत अजून ऊन होतं. आईने त्यांना काय सांगायचं ते सांगितलं असणार, कारण चाचणीचं, खोट्या कपाटाचं, सगळं मी तोवर आईसमोर ओकलो होतो. त्यांनी पाय धुतले, चहा घेतला. मी मान खाली घालून बसलो होतो. मला वाटलं, मनातून ते खूश असतील. त्यांना काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प राहिले असते तरी सोमवारी मी मिलमध्ये गेलोच असतो.

ते बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले. गिटार मांडीवर घेतली. एफच्या चिरेची कड पाहिली, तिथे अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं.

“लाकूड बरा आसा,” एवढंच म्हणाले. मग घोडी कशी पडली ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी हत्यारांची पिशवी मागवली. हत्यारं जुनीच, घरातलीच, त्यामुळे त्यांना शनिवारची आडकाठी नव्हती.

बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, इतकं मला ठाऊक होतं. ते कळल्यावर त्यांनी दोरा लावला, वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर घेतलं, तेवढंच पुढे मोजलं. मग गिटार उन्हात तिरपी धरून पोटावरचं रोगण बघत बसले. मला तिथे काही दिसत नव्हतं. त्यांना दिसलं. वीस वर्षं घोडीचे पाय जिथे टेकले होते तिथे रोगण जरा दबलेलं होतं. पण खूण तिरकी होती, जाड तारांच्या बाजूला पाय किंचित मागे गेलेला. बँडवाल्याचा हलगर्जीपणा, असं त्यांनी ठरवलं. काटकोन तपासायचा गुण्या काढला, आणि ज्या हातांनी तीस वर्षं काहीही वाकडं बसू दिलं नव्हतं त्या हातांनी घोडी काटकोनात बसवली.

मी तारा लावल्या. बारीक तारा सुरात आल्या. जाड तारा सुराच्या वर चढत होत्या. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा गुण्या लावला आणि बसलीय म्हणाले. मी म्हटलं, गुण्यात बसलीय, सुरात नाही. त्यांना राग आला. माझा राग कुठून आलाय ते चाळीत सगळ्यांना माहीत आहे. गुण्यात नसलेलं काम आपल्या हातून आजवर झालेलं नाही, हे त्यांनी गॅलरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मीही मागे हटलो नाही. जाड तार मोकळी वाजवली, मग बाराव्या पडद्यावर, पुन्हा मोकळी, पुन्हा पडद्यावर. दहा वेळा. ते कान देऊन ऐकत राहिले. सूर त्यांना कळत नव्हता, पण दोन गोष्टी जुळत नाहीत हे कळायला सूर कळावा लागत नाही.

“वाकडी तीच बरोबर?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं.

त्यांनी गुण्या पिशवीत टाकला. मग बोटाच्या पेराने घोडीचा पाय केसभर मागे, मी वाजवणार, मान हलवणार, ते आणखी केसभर मागे. त्या तिरक्या खुणेवर पाय टेकला तेव्हा सगळ्या तारा जुळल्या. मी मोठ्याने रडलो. वीस वर्षांचा घोडा, भर गॅलरीत. वडिलांनी तोंड फिरवून हत्यारं आवरायला घेतली.

आता प्रश्न उरला की तारा चढवलेली गिटार आत जाणार कशी. आईच नरमली, लिंबू उतरून टाकते आणि आत घे, म्हणाली. वडील नको म्हणाले. उंबऱ्यावर एकदा नाही म्हटलं की नाही, आणि तारा पुन्हा काढायच्या नाहीत. मला त्यांनी आत झोपायला पाठवलं. गोळीबार सुरू झाल्यापासून गॅलरीत कुणी झोपत नव्हतं. त्या रात्री ते झोपले, पेटीवर आपलं कांबळं टाकून. आई दाराच्या आत बसून राहिली. मला झोप लागली, हे सांगायला आजही बरं वाटत नाही.

सकाळी आईने पेटीच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं. वडिलांनी पेटी माझ्या हातात दिली. मी पाया पडलो आणि निघालो.

परळच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पेटी उघडायला लावली. दोघांतला एकजण म्हणाला, वाद्य आहे, जाऊ दे. दुसऱ्याला वाटत होतं की एवढ्या पोकळ वस्तूच्या पोटात काहीही लपवता येईल. त्याने तारा मुठीत धरून गिटार उचलली, उलटी केली आणि गदागदा हलवली. मी त्याचा हात धरायला पुढे झालो, तर पहिल्याने काठी माझ्या छातीला आडवी लावली. गिटारीच्या पोटातून काही पडलं नाही. त्याने ती पेटीत टाकली आणि जा म्हणाला. घोडी हललेली मला दिसत होती. तिथे उभं राहून बघायची सोय नव्हती. परळ ते दादर मी कसा गेलो मला आठवत नाही, इतकंच आठवतं की मी मोठमोठ्याने शिव्या देत होतो आणि लोक बाजूला होत होते.

स्टुडिओच्या व्हरांड्यात पेटी उघडली. दहाला पाच मिनिटं कमी होती. आतून दुसऱ्या उमेदवाराची गिटार ऐकू येत होती, चांगली वाजवत होता. माझी घोडी बोटभर सरकली होती. कालचा पाऊण तासाचा खटाटोप माझ्याकडून पाच मिनिटांत होणार नव्हता. मग मी जवळून पाहिलं.

घोडीच्या दोन्ही पायांच्या जागी पोटावर पेन्सिलीची रेघ होती. सुतारी पेन्सिल, टोक तासून बारीक केलेली. दोन्ही पायांना चारी बाजूंनी, केसाइतकी बारीक. काल संध्याकाळी ती नव्हती. मी झोपल्यावर कधीतरी त्यांनी ती मारली होती, आणि काटकोनात नाही, तिरकी, जशी हवी होती तशी.

मी घोडी रेघेवर आणली, तारा सुरात लावल्या आणि आत गेलो. मास्तरांनी वरच्या पडद्यांवर वाजवायला लावलं, ठेका बदलायला लावला, पुन्हा वर नेलं. सूर कुठेच हलला नाही. संपल्यावर ते खुर्चीतून उठून जवळ आले, गिटारीवर वाकले आणि ही रेघ कुणी मारली म्हणून विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. वाद्यं बनवतात का? मी म्हटलं, नाही, मिलमध्ये सुतार आहेत. त्यांनी मला बुधवारी नऊला रेकॉर्डिंगला यायला सांगितलं.

घरी आलो तेव्हा वडील गॅलरीत बसून करवतीला धार लावत होते. आई दारात होतीच. वडिलांनी वर पाहिलं नाही.

“घोडी हलली?”

“व्हय.”

“रेघेर आणलंस?”

“व्हय.”

कानस दोनतीनदा करवतीवरून फिरली.

“मगे उद्या मिलात येव नको.”

सोमवारी सातच्या भोंग्याला ते एकटेच गेले. ज्या हेडमिस्त्रीकडे शब्द टाकायला त्यांना दोन वर्षं लागली होती त्याला त्यांनी काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.